गुंतवळ

चाईनं टक्कल पडलेल्या सावनीच्या डोक्यात प्रयोगशाळेत वाढवलेली केसांची मुळं पेरून महिनाच झाला होता, तरी केस कमरेखाली आले होते. तिचं लग्न उद्यावर आलं होतं. यमूआत्या तिची वेणी घालत होती.

"टकली म्हणायचे ना? आता बघ त्यांची तोंडं!" सावनी म्हणाली.

आत्यानं फणीतलं गुंतवळ काढलं आणि दृष्ट नको म्हणून जुन्या सवयीनं ती त्यावर थुंकली. थुंकी क्षणात शोषली गेली. गुंतवळ तळहातावर वळवळलं आणि बोटभर वाढलं. आत्यानं ते झटकून टाकलं.

"शी! हे पितंय गं!"

"आधी मला पाणी दे. सकाळपासून तहानच भागत नाही."

सावनीनं तांब्या तोंडाला लावला, तसा कालच घट्ट भरलेला हिरवा चुडा मनगटावरून घसरत कोपराशी गेला.