सहावा फटका

पहिला फटका इंजिनिअरच्या पाठीत बसला.

"सही करा, साहेब," हातातली सळई तोलत बिल्डर म्हणाला. टेबलावर दाखला होता: नऊ मजली इमारत राहण्यास सुरक्षित आहे. खाली त्याचं नाव, परवाना क्रमांक आणि सही-शिक्क्यासाठी रिकामी जागा.

"तिसऱ्या मजल्यावरच्या खांबाला तडा गेलाय, मालक. माझं बोट आत जातं. माणसं मरतील."

दुसरा फटका गुडघ्यावर. तिसराही तिथेच.

"वीस वर्षं डोळे मिटून शिक्के मारलेत, आणि आज कुठून पुळका आला?"

चौथ्याने दात पडला. पाचवा चुकवायला इंजिनिअरने हात आडवा धरला, तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मग मात्र तो रडत खरं बोलला.

"माझ्या सहीचा काही उपयोग नाही, मालक. माझ्याकडे परवानाच नाही. परीक्षेत तीनदा नापास झालो, शेवटी शिक्का बनवून घेतला."

बिल्डर पोट धरून हसला. "अहो, मग एवढा मार कशाला खाल्लात? खरा की खोटा, बघतंय कोण! मारा शिक्का!"

त्याने सळई पुन्हा उगारली. ती हवेतच राहिली.

"माझ्या राहत्या घराचं डिझाइन... तुमचंच ना?"

"माझंच, मालक. तोच शिक्का."



सळई फेकून बिल्डरने बायकोला फोन लावला. "चपला राहू देत, आईला उचल, पोरांना घे आणि आधी घराबाहेर पड!"