मामांचं गिऱ्हाईक

"कार्ड दाखवा," काउंटरमागचा दुकानदार म्हणाला.

"घरी राहिलं," भाची म्हणाली आणि घसरणारा चष्मा तिने नाकावर वर ढकलला.

"मग बाटलीही इथेच राहील."

भाची हात हलवत बाहेर आली. समोरच्या फुटपाथवर वर्तमानपत्रामागे लपलेल्या मामांनी कपाळाला हात लावला. वर्तमानपत्र त्यांनी उलटं धरलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मामा एक्साइज खात्यात निरीक्षक होते आणि सतरा वर्षांची भाची आज त्यांचं खोटं गिऱ्हाईक होती. खात्याची तशी पद्धतच होती. आईबापांच्या परवानगीने एखाद्या अल्पवयीन मुलाला दुकानात पाठवायचं, त्याने बाटली मागायची, आणि दुकानदाराने दिली की बाहेर दबा धरून बसलेल्या निरीक्षकाने आत शिरायचं. आज मात्र मामांवर सकाळपासून नुसतं दबा धरायचीच पाळी आली होती.

आणि त्यांचा सगळा जीव एका कलमात अडकला होता. कायदा कडक व्हायचा होता. अल्पवयीन पोराच्या हातात दारू देणारा कोणीही असो, दुकानदार असो की सख्खा नातेवाईक, पहिल्याच चुकीला शिक्षा. 'या खेपेला सोडून द्या साहेब' हे चालणार नाही. कलम मामांनीच सुचवलेलं. कायद्याचा मसुदा ठरवणाऱ्या समितीतले लोक मात्र हसत होते. एवढं बेजबाबदार आजकाल वागतं कोण? शेवटी खात्याच्या मोठ्या बाईंनी मामांना बजावलं, "आज संध्याकाळपर्यंत एक तरी प्रकरण आणा. नाहीतर तुमचं कलम गळालंच म्हणून समजा."

मामांना ते कलम मनापासून हवं होतं. त्यांच्या शेजारच्या पोराला त्याच्या थोरल्या चुलतभावाने वाढदिवसाला कौतुकाने पाजली होती. पोरगा पंधरा वर्षांचा. त्याला जिन्यावरून खाली आणताना पायांची बाजू मामांनी धरली होती. पोरगा वाचला, पण अजून बोलताना अडखळतो. तो भाचीच्याच शाळेतला. म्हणून तर ती या सोंगाला एका शब्दात तयार झाली.

सोंग मात्र काही केल्या वठत नव्हतं. पहिल्या दुकानात भाची स्वतःच्याच कपड्यांत गेली. दुकानदाराने तिला शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाची वाट दाखवली. मामा घरी जाऊन मामीच्या उंच टाचांच्या चपला घेऊन आले. मग मामीचा कोट. मग लिपस्टिक, अंबाडा आणि शेवटी मामीचा चष्मा, ज्यातून भाचीला दुकानदार दोन दिसत होते. दोघेही कार्डच मागत होते.

"अजून थोडं वय वाढवू," मामा म्हणाले आणि त्यांनी तिच्या कानशिलावरच्या केसांना पावडर चोळली.

शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाळ," तो मायेने म्हणाला, "पावडर तोंडाला लावतात." आणि त्याने तिला पुसायला रुमाल दिला.

गावातले झाडून सगळे दुकानदार एका दिवसात सज्जन निघाले होते. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मामा मात्र सुतकी चेहऱ्याने कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले आणि बाहेरच्या टेबलाशी मटकन बसले. दिवसाचं काम संपलं होतं. त्यांनी स्वतःसाठी बिअर मागवली, भाचीसाठी लिंबू सोडा. वेटरने अंबाड्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सोड्याची बाटली आणि रिकामा ग्लास तिच्यापुढे ठेवला. त्यालाही कळलं होतं!

तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन आला. मामा उभं राहून बोलले.

"नाही बाई. कोणीच नाही... हो, चांगलीच गोष्ट आहे म्हणा... अर्ध्या तासात समितीला कळवणार? ठीक आहे."

फोन टेबलावर ठेवून ते खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण भाचीला वाटलं, आता हा रडतो की काय.

"जाऊ दे ना मामा."

"असं कसं जाऊ दे?" मामांनी बिअरची बाटली उघडली. "समितीला वाटतं, पोरांना पाजणारा म्हणजे कोणी तरी बदमाश असणार. अगं, बदमाश कार्ड मागायला शिकले! पाजतात ती आपली माणसं. जीव लावणारी. विचारही करत नाहीत, हात आपोआप पुढे जातो..."

बोलता बोलता ते ओतत होते. खात्यात इतकी वर्षं त्यांचा एक रिवाज होता. मोहीम फत्ते होवो की फसो, शेवटी जोडीदार शिपायाबरोबर बसायचं आणि पहिला ग्लास त्याला भरून द्यायचा. आज समोर जोडीदार म्हणून भाची बसली होती. तिच्यापुढचा रिकामा ग्लास फेसासकट काठोकाठ भरला. मामांनी तो उचलला आणि तिच्या हातात दिला.

"घे. दिवसभर फार दमलीस."

शेजारचं टेबल पुसणारा वेटर थांबला. मामांनी आधी वेटरकडे पाहिलं, मग ग्लासाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे. हात अजून हवेतच होता.

भाचीने ग्लास तोंडाला न लावता टेबलाच्या मधोमध ठेवला. चष्मा काढला. मामांचा फोन उचलून तिने हलकेच त्यांच्या त्याच हातात दिला.

"मामा, मोठ्या बाईंना फोन लाव. एक सापडला."