दोन सूत खोल

साहेब, आमचे मेस्त्री निष्काळजी होते, असं तुम्ही अहवालात खोटं लिहिलंत. करवतीच्या पात्यावरचं झाकण त्यांनी काढलं होतं, खरंय. फळी आरपार न कापता नुसती खाच पाडायची तर ते काढावंच लागतं. म्हणूनच फळी उसळू नये यासाठी त्यांनी स्वतः दाबपट्टी बनवली होती. "खाचेला एवढा थाट कशाला, मेस्त्री?" म्हणत मालकाने ती शेगडीत टाकली. त्याच दुपारी फळी उसळून त्यांच्या छातीवर बसली. मेस्त्री गेले.

अर्ध्या खाचेची ती फळी उचलून पुन्हा मशीनवर ठेवून तुम्ही शेडला सील ठोकलंत. आज महिन्याने ते तुम्हीच तोडलंत. आता खाच फळीच्या टोकापर्यंत गेलीय. खाली ताजा भुसा पडलाय. जळालेली दाबपट्टी काळीठिक्कर होऊन जागेवर बसलीय.

"हे कोणी केलं?" मला काय विचारता? किल्ली तुमच्या खिशात होती, वीज तुम्हीच तोडली होती.

हा घ्या टेप, मोजा. या टोकाला दोन सूत खोल, त्या टोकालाही दोनच सूत. निष्काळजी माणसाचा हात असा चालतो का, साहेब? उत्तर द्या, आणि लेखी द्या.