वाटीभर जवस

राधाकिशननं भाजलेलं जवस खलबत्त्यात कुटलं, लसणाच्या चार पाकळ्या टाकल्या आणि वळून दाराकडं बघितलं. केसरबाई अंगणात टँकरसाठी हंडे मांडत होती. त्यानं खिशातली पुडी काढली, दोन गोळ्या जवसात टाकल्या आणि बत्ता जोरात चालवला.

चटणी वाटीत काढून चुलीशेजारच्या फळीवर ठेवली.

"केसर, चटणी ठिवली बघ. आठवणीनं खा."

"खाते की. रोज सांगायला लागतंय व्हय?" म्हणत केसरबाई आत आली आणि त्याचा डबा भरायला बसली.

चार महिने हे असंच चाललं होतं. केसरबाईला संधिवात. तीन वर्षं ती स्टिरॉइडच्या गोळीवर होती. गोळीनं दुखणं थांबायचं, पण तोंड भाकरीसारखं गोल झालं, साखर वाढली, हाडं ठिसूळ व्हायला लागली. मग अंबाजोगाईच्या जाहेदा डॉक्टरीणबाईंनी गोळी उतरवायला घेतली. दर पंधरवड्याला थोडी कमी. जोडीला अंगातली सूज उतरवणारं जेवण. साखर, मैदा, तळण बंद. ज्वारीची भाकरी, शेवग्याचा पाला, हळद, आलं आणि रोज जवसाची चटणी.

"जेवण म्हणजे औषध नव्हे," बाई म्हणाल्या होत्या. "पण गोळी उतरताना आधार होतो. एकदम मात्र बंद करायची नाही."

एकदम बंद केल्यावर काय होतं ते राधाकिशननं बघितलं होतं. मागच्या साली कुणाचं तरी ऐकून केसरबाईनं गोळ्या फेकून दिल्या आणि आठ दिवस बाजेला खिळली. त्यानंच तिला घास भरवला, तिची वेणी घातली. तिचं ते कण्हणं त्याच्या कानातून अजून गेलं नव्हतं. पुन्हा तसं झालं तर ही वाचत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. बाईंनी पहिल्यांदा गोळी कमी केली त्याच आठवड्यात तो सिरसाळ्याला गेला आणि मेडिकलवर जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेऊन आला. बाई कमी करतील तेवढं आपण चटणीतून भरून काढायचं. तिच्या बोटांना बत्ता धरवत नव्हता, त्यामुळं कुटायचं काम आयतंच त्याच्याकडं आलं होतं. दूध संस्थेचा चेअरमन चटणी कुटतो म्हणून शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत.

संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली असायची. ती बघितली की त्याला बरं वाटायचं.

केसरबाई सुधारली. भाकऱ्या थापायला लागली, तोंडावरची सूज पार उतरली. पोटात गोळ्या जात असताना तोंड उतरलं कसं, हे काही राधाकिशनला उमगेना. पथ्याचा गुण असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

त्याची स्वतःची मात्र दशा झाली होती. बायकोला फसवतोय ही टोचणी, वर दुष्काळाचं दुसरं वर्ष. त्याच्या दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी काढलेली, आठशे जनावरं, पाणी येईल तेव्हा खरं. डोळ्याला डोळा लागत नव्हता. जीव एका जागी ठरत नव्हता. उठसूट कुणावरही खेकसायचा. आणि भूक तर अशी खवळलेली, की छावणीवर बसून डब्यातल्या चार भाकरी संपवायचा. शेंगदाण्याची चटणी हल्ली कडवट लागायची. दुष्काळाच्या शेंगा, दुसरं काय, म्हणून तीही चाटूनपुसून खायचा.

"चेअरमन, सगळं गाव वाळलंय अन् तुमी कावून फुगताव?" संस्थेचा सचिव शहादेव एकदा चारचौघांत म्हणाला. "छावणीची पेंड लई गोड लागतीय जणू!"

लोक हसले. राधाकिशन त्याच्या अंगावर धावून गेला. चौघांनी धरलं म्हणून भागलं.

मग तपासणीचा दिवस उजाडला. एसटीत केसरबाई खिडकीशी बसून झकास गप्पा मारत होती. तो नुसता रुमालानं मान पुसत होता. रक्त तपासलं की गोळ्या सापडणार, याची त्याला खात्री होती.

बाईंनी रिपोर्ट वाचले आणि हसल्या. "केसरबाई, सूज नाही, साखर उतरली. शेवटची अर्धी गोळीसुद्धा आजपासून बंद."

केसरबाईनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता चटणी चालू ठेवावी तर पाप, थांबवावी तर ही पुन्हा बाजेवर. राधाकिशनला राहवेना.

"बाई, बंद करू नका. ती गोळीवरच हाय."

"म्हणजे?"

"मी रोज चटणीत दोन गोळ्या कुटून घालतो. चार म्हयने झाले. तिला ठावं न्हाई. तिची काय बी चूक न्हाई, मला काय बोलायचं ते बोला."

बाईंनी रिपोर्ट पुन्हा वाचले. मग मान वर करून त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. त्याच्या गोल झालेल्या तोंडाकडं, पोटावर ताणलेल्या गुंड्यांकडं.

केसरबाई भांडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती पण त्याच्या तोंडाकडंच बघत होती. मग तिचा हात सावकाश तोंडावर गेला.

"अवो, ती चटणी कडूझार लागायची, मला एक दिवस घशाखाली उतरली न्हाई," ती म्हणाली. "तुमी एवढं हातानं कुटून देताव, वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. अन् दुष्काळात टाकून तरी कसं द्यायचं? शेंगदाण्याच्या कुटात कालवून रोज तुमच्याच डब्यात भरत आले की वो."