बांधलेली थैली

"फेरीतनं माझं नाव काढा म्हणून सांगून येतो," सायकल भिंतीला टेकवत केरबातात्या कारभारणीला म्हणाले.

तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र यावं म्हणून निधी गोळा करायच्या फेरीत चार दिवस सायकलनं घाट तुडवायचे होते. तीस वर्षं टपाल वाटलेल्या तात्यांनी मिशीला पीळ देत आपणही जाणार, असं गावभर सांगितलंही होतं. पण महिनाभर सराव करूनही चढावर उतरून सायकल ढकलावी लागे.

"आधी ती औषधांची थैली सोडा," कारभारीण म्हणाली.

सरावाला निघताना वाटेत लागतील ती औषधं म्हणून थैली रोज कारभारीणच कॅरियरला बांधून द्यायची, आणि दुसऱ्यानं बांधलेली थैली फोडायची नाही, ही टपालखात्याची सवय तात्यांनी मोडली नव्हती. आता गाठ सोडली, तर आत पाटा-वरवंटा!

"जिवावर उठलीस काय गं?"

"अवो, सराव कसा व्हायचा मग? उद्या फेरीला हलकं होऊन जावा."

दुसऱ्या दिवशी तात्या असे सुटले, की घाटात दुधाचा टेम्पो मागं पडला. माथ्यावर थैली चाचपली, तर काहीतरी टणक लागलं. या वेळी त्यांनी सवय मोडून स्वतःच गाठ सोडली. आत वरवंटा, आणि चिठ्ठी:

"उतारावर उडून जाल, म्हणून हा ठेवलाय. पाटा इथं वाट बघतोय."