आधी तुम्ही घ्या

सासूबाई आमच्याकडे येताना त्यांच्या घरामागच्या झाडीतल्या अळंब्या घेऊन आल्या. आल्या आल्या बाह्या सरसावून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. लसूण ठेचला, माझ्या कुंडीतली रोजमेरी खुडली, वर लोण्याचा गोळा टाकला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. घरभर खमंग वास सुटला, पण मला मात्र त्या खायचा धीर होत नव्हता. रानातल्या अळंब्या खाऊन माणसं दगावल्याचं मी कितीदा तरी वाचलं होतं.

"आधी तुम्ही घ्या, आई," मी अगदी आदराने म्हणाले. लेकीने काटा उचलला, तसा मी टेबलाखालून तिचा हात दाबला. नवऱ्याला डोळ्यांनीच थांबवलं. आईंनी एक अळंबी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मग आम्हा तिघांच्या भरलेल्या ताटल्यांकडे पाहिलं.

माझी कानशिलं तापली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "गरम आहेत ना अजून, जरा निवू देत."

"निवू देत की," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तरी परवडलं असतं. त्यांनी नातीच्या ताटलीतली एक अळंबी उचलली आणि तिच्यावर हळूच फुंकर घातली.


"खा गं बाळा, बिनघोर खा. त्याच झाडाखालच्या परवा मी एकटीने पोटभर खाऊन पाहिल्यात. शेजारणीला सांगून ठेवलं होतं, सकाळी मी दार उघडलं नाही तर माझ्या लेकाला फोन कर म्हणून."