नवे सेल

गुरुवारी सकाळी, चहा उकळत असताना, प्रभू येशू बुऱ्हाणपुरात आला.

नाही, तसं काही झालं नाही. चहा मात्र उकळत होता. तो सोजरबाईचा होता, इतवाऱ्यातल्या एका गल्लीत, आणि उतू जाणार तेवढ्यात कर्णा वाजला.

एकच लांब सूर. त्याला ना चाल, ना शेवट. सोजरबाईने गॅस बंद केला. शेवटचा कर्णा वाजेल आणि प्रभू परत येईल, हे ती लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आली होती. चहाच्या वेळी येणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

तयारी होतीच. दारामागच्या खुंटीला पिशवी टांगलेली होती. तिच्यात पांढरं लुगडं, नवा करार आणि गुडघ्याचं मलम. स्वर्गात गुडघे दुखत नाहीत हे तिला मान्य होतं, पण वाटेत दुखले तर? शिवाय टॉर्च. दहा कुमारींच्या गोष्टीत नवरदेवाला उशीर झाला, पाच जणींच्या दिव्यातलं तेल संपलं आणि त्या दाराबाहेरच राहिल्या. त्या पाच जणींवर सोजरबाईचा फार राग होता. ती दर महिन्याला टॉर्चचे सेल बदलायची, जुने चालू असले तरी.

लुगडं नेसायला वेळ नव्हता. तिने पिशवी घेतली, लख्ख उन्हात टॉर्च पेटवली आणि बाहेर पडली. सूर उजवीकडच्या कोपऱ्यावरून येत होता. ती डावीकडे वळली, शेजारच्या गोदाबाईच्या दाराकडे.

गोदाबाईशी तिचं नाताळपासून बोलणं बंद होतं. नाताळचा फराळ खाता खाता गोदाबाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझा देव लहानपणापासून येऊनच राहिला वं सोजर. गाडी चांदनी टेसनावर अडकली का काय त्याची?" सगळे हसले. सोजरबाईने तिच्या हातातली अर्धी करंजी काढून घेतली होती.

"गोदे, चप्पल घाल. आला."

गोदाबाई कणीक मळत होती. "कोण आला?"

"ज्याची गाडी चांदनीला अडकली होती, तो."

गोदाबाईने कान दिला. सूर वाजतच होता. तिचा हात परातीतच थांबला.

"मग तू जा ना. तुझी तयारी आहे. मी कुठी येऊ? माझी काय ओळख त्याच्याशी?"

"माझी आहे ना. तीस वर्षं साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसले. आत कोणाला कसं सोडतात ते मला नको शिकवू. सोबत आहे म्हणून सांगते."

 गोदाबाईने परातीवर ताट झाकलं आणि हात धुतले.

"किती दिवस लागतील? दूधवाल्याला नाही सांगू का?"

"कायमचं आहे, गोदे."

"मग ठेचा घेते."

तिने कालच्या चार पोळ्या आणि ठेचा फडक्यात बांधला. दोघी हात धरून निघाल्या. एकीच्या दुसऱ्या हातात फडकं, दुसरीच्या दुसऱ्या हातात पेटलेली टॉर्च.

कोपऱ्यावर देवराम त्याच्या ओट्यावर गाल फुगवून बसला होता. देवराम लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. एरवी तो सिनेमाची गाणी घोटायचा, त्यामुळे गल्लीत कुणाचा गैरसमज होत नसे. आज नवं ट्रम्पेट आलं होतं आणि एका दमात सूर किती वेळ निघतो एवढंच तो पुन्हा पुन्हा बघत होता. बराच निघत होता.

त्याने दोघींना पाहिलं, पिशवी पाहिली, टॉर्च पाहिली आणि घाईघाईने ट्रम्पेट मांडीवर ठेवलं.

"काय झालं मावशी? कोणी गेलं का?"

"नाही रे," सोजरबाई म्हणाली. "कोणीच नाही गेलं."

टॉर्च तशीच पेटलेली होती. सोजरबाई तिच्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच बघत नव्हती.

टोमणा मारायला गोदाबाईला ही सोन्यासारखी संधी होती. गाडी होती, चांदनी होती, उन्हातली टॉर्च होती, ऐकायला देवराम होता. तिने तोंडही उघडलं. मग हात पुढे करून टॉर्चचं बटण दाबलं.

"सेल वाचव," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला लागतील."

सोजरबाईने टॉर्च पिशवीत टाकली.

देवरामच्या बायकोने आतून चहा आणला. ओट्यावरच फडकं सोडलं गेलं. सोजरबाईने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले. गोदाबाईने देवरामला कोपर मारलं, मग दोघांनीही मिटले. सरकारी दफ्तरात चपराशी म्हणून आयुष्य गेल्याने सोजरबाईची प्रार्थना तिथल्या हिंदी अर्जासारखीच निघायची, शेवटी प्रत कोणाला ते सांगून.

"महोदय, सविनय निवेदन है कि आज आपण आला नाहीत. आपली मर्जी. पण ही माझ्यासोबत निघाली होती, हे आपण वरून पाहिलंच असेल. त्याबद्दल आभारी आहे. ठेच्याबद्दल आभारी आहे. देवरामच्या दमाबद्दल पण आभारी आहे. तरी विनंती, की येण्याची तारीख आणि वेळ आठ दिवस आधी लेखी कळवावी."

"दूधवाल्याचं सांग," गोदाबाई मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटली.

"म्हणजे दूध बंद करता येईल. प्रतिलिपी, गोदाबाई, शेजारचं घर."